आधी वेळा ठरवा, मग पदार्थ

प्रश्न: आम्ही पहिल्यांदाच थीम पार्कला जाणार आहोत. आम्ही दोघं, 9 वर्षांची मुलगी, साडेतीन वर्षांचा मुलगा आणि माझे 68 वर्षांचे सासरे. मुक्काम तीन रात्रींचा, त्यात दोन पूर्ण दिवस पार्कात. सासऱ्यांना मधुमेह आहे, इन्सुलिन चालू आहे. मुलगी नवा पदार्थ तोंडात घालत नाही. तिकिटं झाली, खोली झाली, पण खाण्यापिण्याचं काहीच ठरत नाही. डबे न्यायचे, आत विकत घ्यायचं, की रेस्तराँत टेबल आधीच राखून ठेवायचं? कोणी म्हणतं, आत सगळं मिळतं. कोणी म्हणतं, जेवणातच अर्धा दिवस जातो. कुठून सुरुवात करू?

उत्तर: तुम्हाला सांगणारी दोन्ही माणसं खरं बोलतायत. आत पावलोपावली खायला मिळतं आणि जेवणात अर्धा दिवसही जातो. पार्कातली बहुतेक माणसं सकाळी एकाच सुमारास नाश्ता करून, एकाच सुमारास फाटकातून आत शिरलेली असतात, त्यामुळे त्यांना भूकही एकदमच लागते. साडेबाराला काउंटरपुढे उभं राहिलात तर आधी पैसे भरायची रांग, मग जेवण हाती येण्याची वाट, मग गरम ताटं सांभाळत पाच जणांना पुरेल अशा टेबलाचा शोध. तेवढ्या वेळात धाकटा रडायला लागलेला असतो आणि सासऱ्यांच्या जेवणाची वेळ टळलेली असते. म्हणून पदार्थांची यादी नंतर करा. आधी एका कागदावर दिवसाच्या वेळा लिहा.

सुरुवात फाटक उघडण्याच्या वेळेपासून करा आणि मागे मोजत या. पार्क 9 ला उघडत असेल तर बॅग तपासणी आणि तिकिटाच्या रांगेसाठी 8:15 ला तिथे असायला हवं. वाटेला अर्धा तास धरला तर खोलीतून 7:45 ला निघायचं आणि नाश्त्याला 7 ला बसायचं. हा नाश्ता खोलीतच करा. हॉटेलच्या नाश्त्याच्या हॉलमध्ये त्या वेळी पार्कला निघालेल्या सगळ्यांचीच झुंबड असते. पार्कात जाऊन खाऊ म्हणाल तर तेही नको, कारण उघडल्यानंतरच्या पहिल्या दोन तासांत राईडच्या रांगा सगळ्यात लहान असतात आणि तो वेळ पुन्हा मिळत नाही.

नाश्त्यात नुसतं गोड नको. गोड बिस्किटं, सरबत, जॅम लावलेला ब्रेड एवढंच पोटात गेलं तर दहाच्या आत पुन्हा भूक लागते. दूध, अंडं किंवा चीज आणि सोबत ओट्स किंवा साधा ब्रेड असं असेल तर साडेदहापर्यंत सहज निभतं. पाच जणांच्या दोन सकाळींसाठी 2 लिटर दूध, 400 ते 500 ग्रॅम ओट्स, ब्रेडचे 2 पुडे, चीजचे 20 तुकडे, 10 केळी आणि 10 सफरचंदं पुरतात. ही खरेदी पोचल्या दिवशी संध्याकाळी करा. त्या दिवशी सगळे थकलेले असतात, पण दुसऱ्या दिवशी पहाटे दुकान शोधण्यापेक्षा हे बरं.

हॉटेलला आत्ताच एक ईमेल टाका. खोलीत फ्रिज आहे का, एवढंच विचारू नका. तो खरा फ्रिज आहे की मिनीबार, म्हणजे विकायची पेयं ठेवलेलं छोटं कपाट, हे विचारा. मिनीबार बऱ्याचदा पुरेसा थंड होत नाही, दूध दुसऱ्या सकाळपर्यंत टिकेल याची खात्री नसते. काही मिनीबारमध्ये तर बाटली जागची हलवली की बिलात आपोआप नोंद होते. मधुमेहाच्या औषधासाठी फ्रिज हवा आहे असं स्पष्ट लिहिलंत तर पुष्कळ हॉटेलं वेगळा छोटा फ्रिज देतात. पाणी गरम करायची किटली आहे का, तेही त्याच पत्रात विचारून घ्या. ओट्स भिजवायला ती लागेल. दूध मात्र त्या किटलीत उकळू नका. ते उतू जातं आणि तळाला करपतं.

दुसरा ईमेल पार्कला. बाहेरचं खाणं आत नेता येतं का, हा प्रश्न प्रत्येक पार्कात वेगळा सुटतो. फ्लोरिडातल्या डिस्ने वर्ल्डमध्ये स्वतःपुरतं खाणं नेता येतं. काचेची भांडी आणि सुटा बर्फ मात्र चालत नाही. टोकियोच्या डिस्नेलँडमध्ये घरचा डबा आत नेता येत नाही, तो प्रवेशद्वाराबाहेरच्या सहलीच्या जागेत खावा लागतो. तेव्हा दुसऱ्या पार्कला जाऊन आलेल्या नातेवाइकांच्या सांगण्यावर विसंबू नका. तुमच्या पार्कला नेमके प्रश्न विचारा: सुका खाऊ आणि फळं चालतात का? पाण्याची भरलेली बाटली चालते का? लहान मुलाचं आणि मधुमेही माणसाचं खाणं, ग्लुकोज, इन्सुलिनच्या सुया यांना सूट आहे का, आणि त्यासाठी डॉक्टरांचं पत्र लागतं का? बाहेर पडून त्याच तिकिटावर परत येता येतं का? आत पिण्याच्या पाण्याचे नळ कुठे आहेत? उत्तर लेखी आलं की फोनमध्ये जपून ठेवा. फाटकावरच्या माणसाशी वाद घालण्यापेक्षा पत्र दाखवणं सोपं जातं. खाणं सगळं एकाच पिशवीत, वरच्या बाजूला, पारदर्शक डब्यांत ठेवा. प्रत्येक पुडी उघडून दाखवत बसलात तर पाच-दहा मिनिटं तिथेच जातात.

आता पार्कातला दिवस.

सव्वादहाला पहिला छोटा खाऊ, रांगेत उभ्या उभ्या; धाकट्याला मात्र बसवून. जेवण 11 ते 11:15 ला. ही वेळ ऐकताना फार लवकर वाटते, पण 7 ला नाश्ता केलेल्या माणसाला 11 ला भूक लागलेली असते. त्या वेळी काउंटर मोकळे असतात, टेबलं पुसलेली असतात आणि बारा ते दीडची गर्दी जेवायला बसते तेव्हा तुम्ही राईडवर असता. 2 ला दुसरा छोटा खाऊ आणि भरपूर पाणी. साडेतीनला मुलांच्या आवडीचा एक पदार्थ, आइस्क्रीम म्हणा किंवा आणखी काही. संध्याकाळचं जेवण 5 ते 5:15 ला. साडेसहाच्या पुढे साडेतीन वर्षांचं मूल कुठल्याही रेस्तराँत शांत बसत नाही, आणि त्या वेळी काउंटरवर पुन्हा दुपारसारखीच रांग असते. रात्री खोलीवर परतल्यावर दूध, ब्रेड, फळ.

या वेळापत्रकाचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे ‘एवढी एक राईड करू, मग जेवू’ हे वाक्य. फलकावर 40 मिनिटं लिहिलेली रांग 55 ची होते, मधेच राईड काही वेळ बंद पडते आणि रांगेत शिरल्यावर सोडवत नाही. म्हणून घरातल्या सगळ्यांनी एक नियम कबूल करा: अर्ध्या तासाहून मोठ्या रांगेत शिरायच्या आधी स्वच्छतागृह, चार घोट पाणी आणि काहीतरी चावून खाणं. जेवणाच्या ठरलेल्या वेळेच्या आधीच्या पाऊण तासात नव्या रांगेत शिरायचंच नाही.

मिरवणूक किंवा मोठा शो कधी आहे ते सकाळीच पाहून घ्या. शो सुरू असताना आसपासची खाण्याची ठिकाणं रिकामी होतात आणि संपल्यावर पाच मिनिटांत भरून जातात. शो पाहायचा नसेल तर ती जेवायची उत्तम वेळ. पाहायचा असेल तर शो संपायच्या पाच मिनिटं आधी घरातल्या एकानं उठून काउंटर गाठावं.

पार्कच्या ॲपमधून आधी ऑर्डर देता येत असेल तर ती सोय जरूर वापरा, पण तयारी घरी करा. खातं उघडणं, कार्ड जोडणं आणि पदार्थ पाहून ठेवणं हे निघण्याआधीच झालं पाहिजे. परदेशात रोमिंगवर बँकेचा ओटीपी वेळेवर येत नाही आणि रांगेत उभं राहून कार्ड नाकारलं जातं. म्हणून दुसऱ्या बँकेचं एक कार्ड आणि थोडी रोख जवळ असू द्या. बहुतेक ॲपमध्ये जेवण कधी घ्यायला येणार ती वेळ निवडावी लागते आणि दुपारच्या वेळा लवकर संपतात. नऊ-साडेनऊलाच 11:15 ची वेळ धरून ठेवा. बऱ्याच ठिकाणी तुम्ही जवळ पोचलात असं ॲपमध्ये कळवल्यावरच स्वयंपाकघर कामाला लागतं. ते बटण काउंटरपाशी पोचून दाबलंत तर तिथे उगीच ताटकळत राहाल. पाच-सात मिनिटांच्या अंतरावर असतानाच दाबा. आणि फोनची बॅटरी! फोटो, नकाशा, तिकीट आणि जेवण, सगळं एकाच फोनवर असतं. भरलेली पॉवर बँक खाऊच्या पिशवीइतकीच गरजेची आहे.

टेबल राखून ठेवण्याबद्दल. दोन दिवसांत असं एकच जेवण ठरवा, पहिल्या दिवशी संध्याकाळी 5 चं. काउंटरवरचं जेवण वेळ साधली तर 30 ते 45 मिनिटांत आटोपतं. टेबलावर बसून जेवायला 75 ते 90 मिनिटं लागतात. रोज दुपारी तेवढा वेळ दिलात तर राईडच्या हिशोबात तो फार जातो. पण पहिल्या संध्याकाळी पाय बोलायला लागलेले असतात, तेव्हा थंडगार खोलीत दीड तास बसणं सासऱ्यांना आणि मुलांना फार मोठी विश्रांती देतं. दुसऱ्या दिवसाचं जेवण मोकळं ठेवा. एक दिवस काढल्यावर कोण कधी थकतं आणि कोणाला काय आवडतं ते तुम्हालाच कळलेलं असेल.

टेबल ज्या दिवशी राखता येतं ती तारीख कॅलेंडरमध्ये लिहा. डिस्ने वर्ल्डमध्ये ती 60 दिवस आधी उघडते. तुमच्या पार्कात किती दिवस आधी, ते पाहून घ्या. माणसं मोजताना धाकट्यालाही धरा, उंच खुर्ची किंवा बूस्टर (खुर्चीवर ठेवायची उंच बैठक) मागा आणि मधुमेहाची नोंद करा. न कळवता गेलो नाही तर दंड बसतो का, किती तास आधी रद्द करता येतं, हे वाचून त्याआधीचा गजर लावा. रेस्तराँ नकाशावर शोधा. मोठ्या पार्कात या टोकापासून त्या टोकाला मुलांसह चालत जायला 20-25 मिनिटं लागतात आणि त्या वेळी तुम्ही दुसऱ्याच टोकाला असाल तर पोचेपर्यंत मुलं पेंगतात. जेवणानंतर ठरलेल्या वेळेचा शो असेल तर मधे किमान अर्धा तास राखा.

बुफे आमच्या मते तुमच्यासाठी नाही, निदान दुपारी तरी नाही. उत्साहात असलेली मुलं चार घास खाऊन उठतात, पैसे पूर्ण ताटाचे जातात आणि मोठी माणसं पैसे वसूल करायच्या नादात जास्त खाऊन उरलेला दिवस जड करून घेतात. संध्याकाळी, पुढे कुठलीही राईड नसेल तर बुफेला अर्थ आहे, कारण मुलीला ओळखीचा एखादा पदार्थ तिथे हमखास सापडतो. मुलांचा दर कोणत्या वयापासून लागतो ते आधी बघा. डिस्ने वर्ल्डमध्ये 3 ते 9 वर्षं ही मुलांच्या दराची मर्यादा आहे, म्हणजे तिथे तुमची दोन्ही मुलं त्यात बसली असती.

पार्क जेवणाची एकत्रित योजना आगाऊ विकत असेल तर ती घ्यायची की नाही, याचा निर्णय कागदावर करा. पार्कची मेनूकार्डं सहसा संकेतस्थळावर असतात. दोन दिवसांत पाच जण खरोखर काय मागवतील ते प्रामाणिकपणे लिहा, बेरीज करा आणि योजनेच्या किमतीशी ताडून पाहा. लहान मुलं आणि साखर सांभाळणारे आजोबा असलेल्या घरात, योजनेतलं रोजचं मिष्टान्न आणि मोठं गोड पेय वायाच जाण्याची शक्यता जास्त. दिवसभर पुन्हापुन्हा भरून घ्यायच्या मोठ्या पेल्याचाही हिशोब असाच करा. तो एकाच माणसासाठी असतो, आणि दिवसाला तीन-चार वेळा गोड पेय प्यायल्याशिवाय परवडत नाही. नऊ वर्षांच्या मुलीनं ते प्यावं असं तुम्हाला वाटणार नाही. काउंटरवर मिळणाऱ्या मोठ्यांच्या ताटात बऱ्याचदा भरपूर असतं. पाच जणांत आधी तीन मोठी आणि एक मुलांचं ताट घ्या, जादा रिकामी ताटली मागा, कमी पडलं तर पाचवं आणा.

खाऊच्या पिशवीत माणशी दिवसाला दोन छोट्या पुड्या भरा, म्हणजे पाच जणांच्या दहा, आणि वर दोन जादा. याहून जास्त नेलंत तर संध्याकाळी तेवढंच ओझं परत आणाल. उन्हात तग धरणारे पदार्थ निवडा: खारी बिस्किटं, कोरडे छोटे पाव, सुकवलेली फळं, सफरचंद, सालासकट संत्रं. चॉकलेट वितळतं. केळं पिशवीत चेपून काळं पडतं, ते नाश्त्यालाच संपवा. कापलेली फळं पाणी सोडतात. सँडविच नेणार असाल तर टोमॅटो आणि काकडी वेगळ्या डबीत न्या. ओलं ब्रेडला लागलं की दोन तासांत लगदा होतो. ब्रेडवर लोणी दोन्ही बाजूंना कडेपर्यंत लावा, मग चीज. लोण्यामुळे ओल आत मुरत नाही. मेयोनेज, दही, उकडलेलं अंडं, मांस हे थंडाव्याशिवाय नेऊच नका. 5 ते 60 अंश सेल्सियसच्या दरम्यान जंतू झपाट्यानं वाढतात. असे नाशवंत पदार्थ बाहेर दोन तासच ठेवावेत, आणि हवा 32 अंशांच्या वर असेल तर एकच तास. वास आला नाही, चव बिघडली नाही म्हणून पदार्थ चांगला आहे असं समजू नका. पोट बिघडवणारे जंतू बऱ्याचदा वासाची खूण देत नाहीत.

थंडाव्यासाठी मऊ, घडीची थर्मल पिशवी आणि दोन आइस पॅक घ्या, एक डब्यांच्या खाली आणि एक वर. नुसता खाली ठेवला तर वरचे डबे लवकर तापतात. पाण्याच्या दोन बाटल्या तीन चतुर्थांश भरून रात्री फ्रीझरमध्ये आडव्या ठेवा. गोठताना पाणी सुमारे 9 टक्के फुगतं, काठोकाठ भरलेली बाटली तडकते. सकाळी त्या पिशवीत डब्यांना लागून ठेवा, दुपारी तेच पाणी प्यायला होतं. खोलीत फ्रीझर नसेल तर हॉटेलच्या स्वागतकक्षात पॅक गोठवून मिळतात का ते विचारा. नाही म्हणाले तर नाशवंत काही नेऊ नका, सुक्यावर भागवा. पार्कचं लॉकर थंड नसतं आणि उन्हात लावलेली गाडी भट्टीसारखी तापते. दोन्हीकडे खाणं आणि औषधं ठेवू नका. बाबागाडीच्या खालच्या जाळीतही नको. राईडबाहेर गाड्या उन्हात उभ्या असतात, कर्मचारी त्या इकडून तिकडे हलवतात, आणि पक्षी नि मुंग्या उघड्या पुडीपाशी आधी पोचतात.

धाकट्याबद्दल एक गोष्ट ठामपणे सांगायची आहे. पार्कात जिकडेतिकडे पॉपकॉर्न विकतात आणि चालता चालता ते मुलांच्या हातात जातं. साडेतीन वर्षांच्या मुलाला पॉपकॉर्न देऊ नका. अख्खी द्राक्षं, अख्खे दाणे आणि कडक गोळ्याही नकोत. या वयात दाढांनी नीट दळून खाणं जमलेलं नसतं, श्वासनलिका अरुंद असते आणि हसता-पळताना घास घशात अडकतो. द्राक्षं द्यायची तर उभी चार फोडी करून. त्याचं खाणं नेहमी बसून व्हावं, आणि राईडमध्ये बसायच्या आधी सगळ्यांची तोंडं रिकामी आहेत ना ते पाहा. मोठ्यांच्या तोंडातला च्युइंगगमसुद्धा काढायला लावा.

धाकटा उंचीमुळे बऱ्याच राईडवर जाऊ शकणार नाही. पुष्कळ पार्कांत एक मोठं माणूस मुलापाशी थांबतं, दुसरं राईड करून येतं आणि मग पहिल्याला पुन्हा रांग न लावता सोडतात. ही सोय तुमच्या पार्कात आहे का ते विचारा. त्या थांबण्यात धाकट्याला खाऊ घाला. सावलीत, गडबड नसताना तो नीट खातो, आणि पुढच्या जेवणाची वेळ दहा मिनिटं सरकली तरी तग धरतो.

मुलीच्या बाबतीत निघण्याआधी आठवडाभर मेनूकार्डं तिच्यासोबत पाहा आणि प्रत्येक दिवसासाठी तिलाच दोन पदार्थ निवडू द्या. एक आवडीचा, एक तो न मिळाल्यास. काउंटरवर सॉस वेगळा द्या म्हणून सांगा. पुष्कळ मुलं पदार्थाला नव्हे, त्यावर ओतलेल्या अनोळखी सॉसला नाकारतात. तिला चालणारा एक सुका पदार्थ पिशवीत कायम असू द्या. दोन दिवस ती एकाच प्रकारचं जेवली तर काही बिघडत नाही; नवी चव शिकवायची ही जागा नव्हे. साडेतीनचा आवडीचा पदार्थ सकाळीच जाहीर करा, वेळेसकट. म्हणजे खाऊच्या प्रत्येक गाडीपुढे ‘मला हे हवं’ होत नाही, आणि झालंच तर ‘साडेतीनला तू निवडशील तो’ एवढंच उत्तर पुरतं.

राईड आणि पोट यांचा संबंध लक्षात ठेवून दुपारची आखणी करा. भरल्या पोटी गरगर फिरणाऱ्या राईडवर मळमळ होते, अगदी रिकाम्या पोटीही होते. शरीर हलतंय असं कानातला तोलाचा अवयव सांगतो, डोळे वेगळंच सांगतात, त्या गोंधळातून ओकारी येते. 2 ते 12 वर्षांच्या मुलांत हे जास्त दिसतं. खुर्ची जागीच राहून समोरच्या पडद्यावर वेगानं धावणारी दृश्यं दाखवणाऱ्या राईड याच कारणानं फसव्या असतात. तळलेलं, तेलकट खाणं पोटात जास्त वेळ राहतं. जेवल्यावर पाऊण ते एक तास बोट, आगगाडी, नाट्यगृहातला शो असं संथ काही करा. प्रत्येकासाठी नाहीत तरी दोन मजबूत प्लास्टिक पिशव्या आणि ओले रुमाल हाताशी असावेत.

हात धुण्याबद्दल: जेवणाआधी साबण आणि पाणीच. राईडच्या दांड्यांवरून आलेल्या चिकट हातांवर सॅनिटायझर नीट काम करत नाही, आणि उलट्या-जुलाब करणाऱ्या नोरोव्हायरसवर तो पुरेसा नसतो.

पाणी तहान लागायची वाट न पाहता, दर 20-30 मिनिटांनी चार घोट. मुलांना दर दोन तासांनी लघवीला न्या. झाली नाही किंवा गडद पिवळी झाली तर पाणी कमी पडतंय. उन्हात भूक मंदावणं साहजिक आहे, पण मूल चिडचिडं झालं, डोकं दुखतंय म्हणालं, मळमळलं, तर आधी सावली, थंड जागा आणि पाणी. खाणं त्यानंतर. सुधारणा दिसली नाही, वागण्यात गोंधळ वाटला किंवा उलट्या सुरू झाल्या तर थेट पार्कच्या प्रथमोपचार केंद्रात जा. त्याची जागा नकाशावर सकाळीच खूण करून ठेवा. ओआरएसची दोन पाकिटं घ्या आणि पाकिटावर लिहिलेल्या मापाइतक्याच पाण्यात ती विरघळवा. कमी पाण्यात केलेलं घट्ट द्रावण मुलांना बाधतं. कोला आणि सरबत म्हणजे ओआरएस नव्हे.

सासऱ्यांसाठी निघण्याआधी त्यांच्या डॉक्टरांची भेट घ्याच. तुमचं वेळापत्रक कागदावर त्यांना दाखवा. जेवण 11 ला आणि 5 ला, दिवसभर रोजच्या कितीतरी पट चालणं, ऊन. डोस आणि वेळा त्यानुसार बदलायच्या का, ते डॉक्टरच ठरवतील. आमचा आग्रह एवढाच की जेवणाचं इन्सुलिन रांगेत उभं असताना, ‘आता मिळेलच जेवण’ या भरवशावर घेऊ नये. पार्कातलं ‘आता’ अर्ध्या तासाचं असू शकतं आणि तेवढ्यात साखर उतरते. इंजेक्शन नेमकं कधी घ्यायचं, ताट समोर आल्यावर घेतलं तर चालेल का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा.

साखर उतरल्यावर घाम, थरथर, चिडचिड, गोंधळल्यासारखं होणं ही लक्षणं दिसतात, आणि पार्कात ती उन्हाच्या थकव्यात खपून जातात. अशा वेळी अंदाज करू नका, ग्लुकोमीटरनं मोजा. रक्तातली साखर 70 (मिग्रॅ/डेसिलिटर) च्या खाली असेल तर 15 ग्रॅम झटपट साखर द्या: तीन चहाचे चमचे ग्लुकोज पाण्यातून किंवा अर्धा कप फळांचा रस. 15 मिनिटांनी पुन्हा मोजा, अजून कमी असेल तर तेवढीच पुन्हा. सावरल्यावर बिस्किटं किंवा ब्रेड. चॉकलेट या कामाला नको, त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. मोजायला यंत्र हाताशी नसेल आणि लक्षणं तशी असतील तर साखर द्याच. ते नीट गिळू शकत नसतील किंवा शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही घालू नका, लगेच कर्मचाऱ्यांना हाक मारा.

पुष्कळ राईडवर पिशव्या लॉकरमध्ये ठेवायला लावतात आणि ग्लुकोज नेमकं तिथे अडकतं. म्हणून त्यांच्या चेनच्या खिशात तीन चमचे ग्लुकोजची पुडी किंवा ग्लुकोजच्या गोळ्या कायम, आणि तसाच एक संच तुमच्यापैकी एकाच्या खिशात. इन्सुलिन आइस पॅकला थेट टेकवून ठेवू नका. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावरही वापरायचं नसतं. ते जाड रुमालात गुंडाळून थंड पिशवीच्या मधल्या कप्प्यात ठेवा. ग्लुकोमीटरच्या पट्ट्या उष्णतेनं आणि दमटपणानं खराब होतात, त्यांची डबी घट्ट बंद असू द्या.

रात्रीची आतषबाजी पाहायची असेल तर चांगल्या जागेसाठी 45 मिनिटं ते तासभर आधी बसावं लागतं. 5 च्या जेवणानंतर या बसण्याच्या वेळेसाठी दोन जादा पुड्या राखून ठेवा, सासऱ्यांसाठी त्यात एक नक्की. आतषबाजी संपल्यावर फाटकाकडे एकच लोंढा निघतो आणि त्या अर्ध्या-पाऊण तासात काहीच खाता येत नाही.

पहिल्या रात्री खोलीवर परतल्यावर, झोपण्यापूर्वी, पिशवी रिकामी करा. ज्या पुड्या तशाच परत आल्या त्या दुसऱ्या दिवशी भरू नका, जे आधी संपलं ते दुप्पट घ्या. बाटल्या आणि आइस पॅक फ्रीझरमध्ये, ग्लुकोजची पुडी नव्यानं भरून खिशात, फोन आणि पॉवर बँक चार्जिंगला. आणि जेवण 11:15 ला व्हायचं ते 12 ला झालं असेल तर दुसऱ्या दिवशीच्या कागदावर सव्वाअकरा खोडून पावणेअकरा लिहा.